साहेबाच्या हातातला मासा

खट् असा आवाज झाला, स्लाइड बदलली, आणि पडद्यावर लान्सीचा मासा आला. साहेबाच्या हातात.

पडदा कसला, बहारीनमधल्या सलमाबादच्या कंपनी क्लबाच्या भिंतीवर ताणून बसवलेली पांढरी चादर; पण मासा तिच्यावर असा उमटला होता की हात लावला तर ओला लागावा. पोट लोण्यासारखं पिवळं, पाठ तपकिरी, कुशीवर लाल ठिपके आणि एकेका ठिपक्याभोवती फिकट कडं. शेपटीचं वरचं टोक कुरतडलेलं. त्या टोकावरून लान्सीने तो मासा हजारांत ओळखला असता. साहेबाने तो दोन्ही हातांवर आडवा घेतला होता, बाप्तिस्म्याला मूल धरतात तसा. डोक्यावर हॅट, चौकड्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावलेला, पायांत राखाडी लोकरी मोजे, आणि तोंडभर हसू. "अँड धिस, लेडीज अँड जंटलमेन," प्रोजेक्टरपाशी उभा राहून साहेब म्हणाला, "इज माय बेस्ट फिश." माय! लान्सीच्या कानशिलात कुणीतरी सणसणीत ठेवून दिल्यासारखं झालं. अरे कुणाचा मासा, आणि कुणाचं माय! पुढच्या रांगेतल्या मडमांनी "ऊऽऽ" केलं, मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता कुठे, मागच्याच स्लाइडला, लान्सीने बायकोच्या कानाशी लागून सांगितलं होतं, "आता बघ हां, आता माझा येईल." बर्था हॉस्पिटलातली ड्यूटी दुसरीच्या गळ्यात घालून आली होती ती त्या माशासाठीच. नाहीतर साहेबाचे डोंगर आणि साहेबाचे ढग बघायला कोण येतंय सलमाबादपर्यंत! तिने पडद्याकडे बघितलं, मग लान्सीकडे बघितलं, आणि परत पडद्याकडे. अंधारात तिच्या कानातलं तेवढं हललं.

थांब, लान्सी मनात म्हणाला, थांब, आता सांगेल. आता म्हणेल, खरं तर हा मासा आमच्या लान्सीने काढला, कुठे आहे लान्सी, उभा राहा बघू. साहेब काही अगदीच वाईट माणूस नव्हता. मिस्टर विटकॉम्ब. सौदीपर्यंत समुद्रातून पूल बांधायचं काम तेव्हा जोरात होतं आणि त्यातलं काही लोखंड ही कंपनी वाकवून द्यायची; लान्सी त्या लोखंडाची ड्रॉइंग्ज काढायचा, आणि साहेब त्यावर सही करायचा. ड्रॉइंगवर नाव साहेबाचं, हे लान्सीला कधी खटकलं नव्हतं. ते कामच तसं. पण मासा म्हणजे ड्रॉइंग आहे का? मे महिन्यात लान्सीची रजा लागली, तेव्हा साहेबाने केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं, काश्मीरला ट्राउट मारायला जातोय, तू इंडियन आहेस, चल माझ्याबरोबर, तिथल्या लोकांशी बोलायला कुणीतरी हवं. लान्सी पाचूबंदरचा. वसईच्या किल्ल्यापलीकडे देशात त्याची धाव नाशिकपर्यंत. काश्मिरातल्या लोकांशी तो काय बोलणार, डोंबल? पण साहेबाने खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, आणि खांद्यावर हात पडला की लान्सीच्या तोंडून येस सर आपोआप निघायचं. अर्धी रजा तिथेच गेली. आई दारात उभी राहून म्हणाली, "वरसाने आलास, आनि मासे मारायला त्या थंडीत चाललास? हितं दर्या आटला काय?" तरी तिने घरी कुटून भरलेली बाटली मसाल्याची बाटली पिशवीत घातली. मासे म्हटल्यावर मसाला नको?

आणि काय ते मासे मारणं! आठवलं तरी लान्सीचं डोकं अजून फिरायचं. पहलगामच्या वर, लिद्दर नदीच्या काठाला, नदीचे तुकडे पाडून ठेवलेले. एका तुकड्याला एक परमिट, एका परमिटावर एक रॉड, एका रॉडला एक माणूस. नदीचे तुकडे! समुद्राकाठच्या माणसाला हे ऐकूनच हसू यावं. बरोबर वाटाड्या हवाच. त्याला तिकडे शिकारी म्हणतात. यांचा शिकारी अलीमियाँ, लांब फिरन घातलेला, दाढीला मेंदी, पाण्याकडे असा बघायचा की जणू पाण्याने त्याला काही कबूल केलंय. कुठल्या दगडामागे मासा आहे हे तो बोटाने दाखवायचा आणि साहेब तिथे माशी टाकायचा. माशी म्हणजे खरी नव्हे. गळावर कोंबड्याचं पीस आणि रेशीम गुंडाळून केलेली. ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की माशाला वाटावं, आभाळातून जेवण पडलं. साहेबाचा हात चांगला होता, नाही म्हणायचं कारण नाही. दोरी मागे जायची, हवेत सरळ व्हायची, एक क्षण थांबायची, आणि मग पुढे. लान्सी डबे, छत्री, थर्मास आणि हातजाळं घेऊन मागे उभा. पहिल्याच दिवशी साहेबाने लागोपाठ मासे काढले; लान्सीने धावत रेस्टहाउसवर जाऊन खानसाम्याला कांदा चिरायला बसवलं, आपली बाटली काढून ठेवली, तवा कुठला ते बघून आला. आणि संध्याकाळी साहेब शीळ घालत परत आला, जाळं रिकामं. "मासे?" लान्सीने विचारलं. सोडले, साहेब म्हणाला. सगळे. आपण मारायला थोडेच आलोय!

मग कशाला आलोय? लान्सीला त्या रात्री झोप आली नव्हती. माशाच्या तोंडात लोखंड घालायचं, त्याला ओढायचं, दमवायचं, त्याचा जीव कंठाशी आणायचा, आणि मग पाठ थोपटून सांगायचं, जा बाबा घरी. त्या माशाने काय घोडं मारलं होतं तुझं? मारून खा, नाहीतर वाटेला जाऊ नकोस. लान्सीचा बाप मासा मारायचा तो चुलीसाठी आणि बाजारासाठी. आणि मासा हाती लागला की क्षणभर टोपी काढायचा, कशासाठी ते त्याने कधी सांगितलं नाही. त्यांच्या होडीवर एक रीत होती. जाळं ओढताना ज्याचा हात जाळ्याला लागला, त्याचा वाटा. होडी कुणाची, जाळं कुणाचं, हे नंतर. काठावर उभ्या असलेल्या एखाद्या येड्याने दोन हात दिले तरी संध्याकाळी त्याच्या टोपलीत बांगडे पडायचे. आणि इथे? साहेब जेवायला डब्यातले सार्डिन्स खायचा. नदीकाठी बसून, डब्यातले! लान्सीला ते बघवायचं नाही.

तो दिवस शेवटचा होता. वरच्या तळ्यापर्यंत तट्टांवरून जाऊन आले होते, साहेब थकला होता. जेवण झाल्यावर त्याने ते मांडीपर्यंतचे रबरी बूट काढून टाकले, हॅट तोंडावर घेतली आणि झाडाखाली आडवा झाला, घोरायला लागला. अलीमियाँने रॉड उचलून लान्सीच्या हातात दिला. "दो हाथ मार लो जी. साहब सो रहे हैं." आधी दोन वेळा माशी मागच्या झुडपात अडकली, एकदा लान्सीच्याच कॉलरमध्ये. "जल्दी मत करो जी, पीछे जाने दो, पीछे पूरा जाने दो." मग एकदा, कसं कोण जाणे, दोरी मागे पूर्ण गेली, थांबली, ते थांबणं लान्सीला मनगटात कळलं, आणि माशी पलीकडच्या काळ्या दगडाच्या पुढे जाऊन बसली. बसली नाही तोच पाणी उघडलं. बस्स, एवढंच. पाणी उघडलं आणि मिटलं. आणि मग हातात आलं ते ओझं. लान्सीने आयुष्यात मासे पुष्कळ बघितले होते, टोपल्यांनी, गाड्यांनी. पण एकटा एक मासा दोरीच्या दुसऱ्या टोकाला आणि एकटे आपण या टोकाला, असं कधी झालं नव्हतं. तो बूट-पँटीसकट पाण्यात शिरला. पाणी कसलं, सुऱ्या होत्या. कमरेपर्यंत गेला, दगडावरून घसरला, छातीपर्यंत भिजला, मासा खाली धावला तसा खाली धावला, तोंडाने आई मरियेला हाका मारत आणि मधूनच शिव्या घालत. अलीमियाँ काठाने ओरडत होता, "ढील दो! ढील दो!" किती वेळ ते देवाला ठाऊक. शेवटी मासा कुशीवर झाला, लान्सीने जाळं खाली घातलं, आणि वर उचललं तेव्हा ते लाल ठिपके, ते पिवळं पोट, ती कुरतडलेली शेपटी. त्याला बाप आठवला. डोक्यावर टोपी नव्हती, तरी हात डोक्याकडे गेला.

आरडाओरड्याने साहेब जागा झाला होता. तसाच मोज्यांवर गवतातून धावत आला. "गुड लॉर्ड," म्हणाला. "गुड लॉर्ड, लान्सी." ते दोन शब्द लान्सीने जपून ठेवले होते, पुढे कित्येक दिवस. मग साहेबाने हात पुढे केले आणि मासा घेतला. घेतला म्हणजे मागितला नाही, हिसकावलाही नाही. हात पुढे केले आणि लान्सीने दिला, जसं ड्रॉइंग सहीला द्यावं. गळ्यातला कॅमेरा साहेबाने मानेवरून काढून लान्सीच्या गळ्यात अडकवला. लवकर, लवकर, तिला, म्हणजे माशाला, जास्त वेळ पाण्याबाहेर ठेवून चालणार नाही. भिंगावर पाणी. त्याने बाहीने पुसलं तर बाही ओली. खट्. आणि लान्सी कॅमेरा खाली घेतोय न घेतोय तोच साहेब काठाशी वाकला आणि मासा पाण्यात सोडून दिला. मासा क्षणभर तिथेच उभा राहिला, कल्ले हलवत, त्यालाही खरं वाटेना. मग गेला. लान्सी अलीमियाँकडे बघायला लागला. अलीमियाँ दोरी गुंडाळत होता. "परमिट साहब का है जी," तो खाली मान घालून म्हणाला, "रॉड साहब का. तो मछली भी साहब का." हा इथला कायदा. वा रे कायदा! भिजलो मी, आणि मासा परमिटाचा!

आता हे बहारीनला येऊन कुणाला कसं सांगायचं? मासा काढला हे सांगायचं होतं, सांगितल्याशिवाय राहवतच नव्हतं; पण हाताशी आलेला एवढा मासा सोडून दिला, हे पाचूबंदरच्या माणसाने सांगायचं म्हणजे नाताळपर्यंत तोंड लपवून फिरावं लागलं असतं. म्हणून त्याने तो खाल्ला. विमानतळावरून घरी येतानाच बर्थाला सांगितलं की रेस्टहाउसवर आईचा बाटली मसाला लावून तव्यावर टाकला, अलीमियाँने बोटं चाटली, साहेबाने दोनदा घेतला. चव कशी? बर्थाने विचारलंच, कारण ती नायगावच्या कोळीवाड्याची. मासा म्हटलं की पहिला प्रश्न चवीचा. जिताड्यासारखी, लान्सी म्हणाला, पण गोड जास्त, काटा कमी. स्टोअर्समधल्या एडवर्डला सांगितलं तेव्हा वर लिंबू पिळलं. चर्चबाहेर सांगितलं तेव्हा सोबत खानसाम्याच्या रोट्या आल्या. दर वेळी तो मासा थोडा चविष्ट होत गेला, आणि एखाद्या दिवशी तर लान्सीच्या जिभेवर खरंच पाणी यायचं.

"अँड देन, ऑफ कोर्स," प्रोजेक्टरपाशी साहेब म्हणाला, "आय पुट हर बॅक." दिली सोडून. मडमांनी परत टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात. शेजारच्या खुर्चीवरून एडवर्ड वाकला आणि कुजबुजला, "काय रे, फ्राय केलेलास ना तू? लिंबू पिळलेलं ना?" आणि खुसुखुसु हसला, त्याच्या खुर्चीला हादरे बसले. लान्सीला वाटलं, उठावं. आत्ता उठावं, त्या उजेडाच्या पट्ट्यात जाऊन उभं राहावं, चादरीवर आपली सावली पडू द्यावी आणि सांगावं, एक्सक्यूज मी सर, दॅट फिश इज माइन. इंग्रजी वाक्य तयार होतं, व्याकरणासकट. पण माइन म्हटल्यावर एडवर्ड विचारणार, तुझा तर तू खाल्लास! खाल्ला हे खोटं ठरलं, की काढला हे कुणाच्या बापाला खरं वाटणार? मासा एकदा साहेबाने चोरला होता आणि एकदा लान्सीने स्वतःच्या हाताने घालवला होता. साला, खरा होता तो मासा! नखशिखांत खरा होता, आणि आता त्याच्याबद्दल एक शब्द खरा म्हणून सांगायची सोय राहिली नव्हती. त्याला साहेबाचा राग आला, त्या मोजेवाल्याचा. अलीमियाँचा आला, परमिटाचा आला, त्या बिचाऱ्या बाटली मसाल्याचासुद्धा आला. आणि बर्था शेजारी सरळ बसली होती, हात मांडीवर, एकटक पडद्याकडे बघत, पेशंटचा एक्स-रे बघावा तशी. एवढं काय बघायचं होतं त्यात? पुढची स्लाइड आली. तळं. त्यात डोंगर उलटा.

दिवे लागल्यावर अंड्याची सँडविचेस आली. साहेब फिरत फिरत यांच्यापाशी आला, बर्थाशी हात मिळवला, तुमच्या नवऱ्याची फार मदत झाली म्हणाला, सगळं सामान यानेच वाहिलं. "सर," लान्सी म्हणाला. एवढा एकच शब्द, पण त्यात सगळं होतं. निदान लान्सीला तसं वाटलं. "सर, दॅट फिश," आणि साहेबाचा हात खांद्यावर पडला. "ब्यूटी, वॉझंट शी?" साहेबाच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. हेच तर! चोरी केलीय हे चोराला माहीत असतं तर त्याची गचांडी धरता आली असती. याला कुणी उठवून विचारलं असतं तरी याने शपथेवर सांगितलं असतं, मीच काढला. "येस सर," लान्सी म्हणाला. आपला आवाज ऐकून त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

एडवर्डने त्याच्या डॅटसनमधून गुदैबियाला घरी सोडलं. वाटभर तो एकटाच बोलत होता, जिताडा, गोड, काटा कमी, असं मधूनच म्हणायचा आणि स्टिअरिंगवर थापा मारायचा. "यल्ला लान्सीभाई, पुढच्या टायमाला आमाला पन घेऊन चल, आमी पन भुकेले!" बर्था खिडकीबाहेर बघत होती. हवेत दमटपणा इतका की काचेवरून पाणी ओघळत होतं. लान्सीला ती बोलायला हवी होती. चिडायला, हसायला, काहीही. लग्नाआधी तिने एकच गोष्ट विचारली होती त्याला, तू दारू पितोस का, हे नव्हे. तू खोटं बोलतोस का. नाही म्हणाला होता. आणि खरंच बोलला नव्हता, या एका माशापर्यंत. एवढ्या वर्षांत एक मासा! स्वतःची नोकरी असो, बढती असो, काही म्हणून त्याने तिला वाढवून सांगितलं नव्हतं. तिने फक्त एवढं मानावं की तो मासा त्याने काढला. जगाने नको, साहेबाने नको, एडवर्ड गेला खड्ड्यात. बर्थाने मानावं. ती नाही म्हणाली, तर तो मासा कधी नव्हताच.

घरी आल्यावर तिने कपडे बदलले, फ्रिजमधून सकाळी आणलेल्या साफी, इथली छोटी मासळी, काढल्या आणि ओट्यापाशी त्या साफ करायला लागली. लान्सी स्टुलावर बसला. एसी टपटपत होता. सुरी खवल्यांवरून उलटी फिरत होती, खर्र खर्र.

"मोज्यांवर होता तो," बर्था म्हणाली. मान वळवली नाही.

"कोण?"

"तुझा साहेब. फोटोत. मोजे कोरडे ठणठणीत. शर्टाची बटनं इथपर्यंत लावलेली, एक थेंब नाय अंगावर." तिने पंजाने खवले बाजूला सारले. "माझ्या बाबाला असला मासा लागला की नाकातोंडात पाणी जायचं त्याच्या. मोजे घालून कोन काढतं एवढा मासा? बाजारात घेतलेलापन माणसाला जास्त भिजवतो."

लान्सीने स्टूल ओट्याजवळ ओढलं. "म्हणजे तुला पटतं?"

"पटायला काय, दिसतं. मासा तुझाच."

मग मात्र त्याचा बांध फुटला. तो उठून उभा राहिला आणि सगळं सांगत सुटला, खरं, पहिल्यांदा खरं: थंड पाणी, काळा दगड, मनगट, गुड लॉर्ड, सुटलेला मासा, परमिट. हातवारे करत, त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात दोरी मागे नेत, पुढे फेकत. "माझा मासा!" तो म्हणत होता. "माझा मासा, आणि हा हरामखोर चारचौघांत माय म्हणतो! लाज नाय याला! मला न विचारता सोडला! माझ्या डोळ्यांदेखत सोडला!" बर्था ऐकत होती. तिने शेवटची साफी पाण्याखाली धरली, ताटलीत ठेवली, सुरी खाली ठेवली आणि वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. तीही संतापली होती, त्याच्यासाठी संतापली होती, हे बघून लान्सीला इतकं बरं वाटलं.

"एक सांग मला," ती म्हणाली. "मासा तू काढलास. तू भिजलास. तुझ्यासमोर त्याने तुझा मासा पान्यात टाकला. कुनाच्यापन अंगात भूत आलं असतं. तू तेव्हा काय करत होतास?"

लान्सीचा हात अजून वर होता, दोरी मागे गेलेली. तो त्याने खाली घेतला.

"फोटो काढत होतो," तो म्हणाला.